‘नको’पुढची फुली

"हवं की नको, एवढंच सांगा मावशी. फुली तुमच्या हाताने मारा," मेघाली म्हणाली आणि तिने पेन सुलूच्या हातात दिलं.

सुलूने शेजारच्या खुर्चीतल्या नवऱ्याकडे पाहिलं. हा विश्राम नवापूरच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारायचा. पुकारा असा, की टोपलीतली पापलेटं आपणहून रांगेत निजायची आणि तिकडे पालघरकडच्या माहीमच्या वाड्यांत जून नारळ पटापट खाली उतरायचे. खोटं वाटत असेल त्याने नारळांना विचारावं. आता त्याच गळ्यातून नुसती घोगरी हवा येत होती. संमतीच्या कागदावर सही त्याने केली होती; पुढचं "सुलूला इचार" म्हणून मोकळा झाला होता.

मुंबईच्या त्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. घशातली कॅन्सरची गाठ बरीच वाढलेली. एक तर स्वरयंत्र काढून टाकायचं, म्हणजे आवाज कायमचा गेला. नाहीतर सात आठवडे लाइट, म्हणजे किरणांचा शेक, आणि औषधं. लागू पडली तर जीवही वाचेल, आवाजही. विश्रामने लाइटचंच धरलं होतं. "मुका व्हऊन किनाऱ्यावर काय कावळं हाकलू?"

मेघाली ही तिथल्या संशोधनातली मुलगी, मूळची पालघरची. विश्रामच्या गाठीचा तुकडा बोईसरच्या लॅबमधून मेणाच्या वडीत बसवून तिच्याकडे आला होता. ती त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढणार, त्यांना रंग लावणार. गाठीत एक ठरावीक प्रथिन जास्त असलं, की काप तपकिरी होतो.

"तसल्या गाठींना लाइट कमी लागू पडते, असं दिसतंय. अजून पक्कं नाही, डॉक्टर नुसत्या तेवढ्यावर काही ठरवणार नाहीत. पण लाइट सुरू व्हायच्या आत कळलं, तर तुम्हा दोघांना विचार करता येईल. काय निघालं ते सांगू ना?"

सुलूच्या माहेरी होडी पाण्यात ढकलली, की बाईने "कधी येशील" विचारायचं नाही. तिच्या आजीच्या तोंडून एकदा निसटलं, तर होडी म्हणे तीन दिवस एकाच लाटेवर उभी राहिली आणि आजोबा उतरले ते पांढरी दाढी घेऊन. हसणाऱ्याने हसावं. सुलूने बापाला कधी विचारलं नाही, भावांना नाही, आणि सगळे दर वेळी परत आले होते.

"नको गं बाय. निघालेल्या माणसाला इचारत नाय आमी."

"मावशी, ही काय होडी आहे का?"

"मंग काय हाय?"

सुलूने ‘नको’पुढे फुली मारली, इतकी दाबून की खालच्या कागदावरही उमटली.

लाइट झाली. गळ्याची कातडी भाजल्या वांग्यासारखी सोलवटली, पण आवाज थोडा परतला. दिवाळीत विश्रामने चक्क दोन दिवस लिलाव पुकारला. "आला गं बाय, बोंबल्या आला!" म्हणून बाया हसल्या, आणि सुलूने सगळ्यांना लाडू वाटले.

होळीला त्याचा श्वास अडकला. गाठ परत आली होती, आणि छातीतही ठिपके दिसत होते. आता स्वरयंत्र काढूनही उपयोग नव्हता. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. जो आवाज राखायला एवढं केलं, तो गेलाच.

सुलूने मेघालीला वॉर्डाबाहेर गाठलं.

"तवा काय आलं होतं?"

"तुम्ही नको म्हणाला होतात, मावशी."

"आता हवं म्हनते. लिव तुझ्या कागदावर."

मेघाली डॉक्टरांना विचारून आली. तिची नजर काही वर होईना. "ते प्रथिन जास्त होतं. पण मावशी, तशातल्याही काहींना लाइट लागते. दहांत तिघांना..."

"आनि तवाच कापलं असतं तर?"

"कदाचित..." मेघाली म्हणाली.

सुलू आत आली. विश्राम दाराकडेच बघत होता. त्याने भुवया उडवल्या. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, गळ्यापाशी कापल्याची खूण केली, आणि नकारार्थी हात हलवून पुन्हा छातीवर ठेवला. मीच नको म्हणालो ना कापायला? माझंच चुकलं ना? डोळे काठोकाठ भरले होते.

त्याला वाटत होतं, चूक त्याची. मेघालीने सांगितलेलं, आपली ती फुली, सगळं सुलूच्या तोंडाशी आलं. तिने ते गिळलं.

"इचारलं मी पोरीला. म्हनली, आधी कापलं असतं तरी ह्येच झालं असतं. तुमचं काय चुकलं नाय."

विश्रामने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याचे खांदे सैल पडले आणि डोळे मिटले. नळीवरचा जाळीच्या कापडाचा तुकडा श्वासागणिक उठत होता, पडत होता. एक कोपरा सुटला होता. सुलूने तो बोटाने दाबून बसवला, आणि बोट तिथेच ठेवून बसली.