दानातलं पुस्तक

राजकारणी घरात मुलीच्या हाती लेखणी आली की ती भाषणं लिहायलाच आली, असं सगळे धरून चालतात. चित्रांगनी मदुवगेचं तसंच झालं. वडील श्रीलंकेच्या दक्षिणेतले खासदार, पुढे मंत्री. शाळेत होती तेव्हापासून त्यांची भाषणं ती लिहायची. टाळ्या वडिलांना पडायच्या आणि घरी आल्यावर ते म्हणायचे, "आज बायका रडल्या गं पोरी, छान झालं." पुढे तिने स्वतःच्या नावावर दोन कादंबऱ्या लिहिल्या. कोलंबोच्या वर्तमानपत्रांत परीक्षणं आली आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य तिच्या वडिलांवर होतं. विरोधी पक्षाच्या पत्रात तर शेवटचंही.

तरी ती लिहीत राहिली, कारण एक गोष्ट तिच्या आत काट्यासारखी रुतली होती आणि ती लिहिल्याशिवाय निघणार नव्हती.

सरकारविरुद्ध बंड झालं त्या साली दक्षिणेत तरुण पोरं घराघरांतून उचलली जात होती. कुणी बंडखोर म्हणून, कुणी बंडखोराचा मित्र म्हणून, कुणी नुसतं तेवढ्या वयाचं होतं म्हणून. पियल हा मदुवगेंच्या स्वयंपाकिणीचा, सीलावतीचा, एकुलता एक मुलगा. त्यांच्याच मागल्या अंगणात वाढलेला. चित्रांगनीला सायकलवरून मातर शहरातल्या वाचनालयातली पुस्तकं तोच आणून द्यायचा आणि देण्याआधी वाटेत थोडी वाचूनही घ्यायचा. त्यालाही एके दिवशी नेलं. दुपारी सैन्यातल्या एका साहेबाचा घरी फोन आला. पोरगा मंत्र्यांच्या घरचा असल्याचं सांगतोय, खरं आहे का, एवढंच त्याला विचारायचं होतं. निवडणूक तोंडावर होती. वडील म्हणाले, "असा कुणी आमच्याकडे नाही." फोन ठेवला, हात धुतले आणि जेवायला बसले. सीलावतीनेच वाढलं. फणसाची भाजी होती.

चित्रांगनी तेव्हा बावीस वर्षांची, घरातल्या बोळात उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि मूग गिळून बसली. पियल परत आला नाही. सीलावती काही महिने वाट बघत राबली, मग समुद्राकडेच्या आपल्या गावी निघून गेली. तिला खरं सांगायला चित्रांगनी दोनदा तिच्या दारापर्यंत गेली. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आली. तोंडाने सांगायचं धाडसच नव्हतं. लिहिणं तेवढं जमायचं, म्हणून शेवटी तिने लिहिलं. घराची सगळी कहाणी, आणि मध्यावर ती दुपार, जशी होती तशी.

पुस्तक छापायला कुणी तयार होईना. एका प्रकाशकाने वडिलांचं चरित्र मागितलं, दुसऱ्याने नुसतेच हात जोडले. तोवर वडील घशाच्या आजाराने वारले आणि वर्षाचं दान जवळ आलं. त्या दिवशी भिक्खूंना जेवण घालायचं, वस्तू द्यायच्या आणि गेलेल्याच्या नावे एक पुस्तक छापून ते गावभर वाटायचं, ही तिकडची रीत. ते पुण्य मृताच्या खाती जातं. धाकटा भाऊ ललिंद, जो आता वडिलांच्या जागेवर उभा राहणार होता, स्वतःहून म्हणाला, "अक्का, तुझं पुस्तकच छापू की दानासाठी."

"सगळं? ती दुपारसुद्धा?"

"लोकांना आता प्रामाणिक माणसं आवडतात. मुलाने बापाची चूक लपवली नाही, असं म्हणतील. तुझी एक ओळ हलवणार नाही मी."

तिने विश्वास ठेवला. राजकारण्याच्या घरात जन्मून, आयुष्यभर त्यांचीच भाषणं लिहून तिने विश्वास ठेवला, याला काय म्हणावं! पण तिचाही हिशोब होता. कादंबरी सीलावतीच्या हाती कधी पडली नसती. दानातलं पुस्तक मात्र पडणार होतं. असलं पुस्तक लोक बुद्धाच्या तसबिरीपाशी ठेवतात, शेजारच्या पोरीकडून वाचून घेतात, त्यातला शब्द न् शब्द खरा मानतात. कच्ची छपाई तिने स्वतः तपासली. ती दुपार जागच्या जागी होती.

दानाच्या सकाळी पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेला पुस्तकांचा गठ्ठा विड्याच्या पानांसह थोरल्या भिक्खूंच्या हाती दिला गेला. भांड्यातून पाणी ओतलं, पठण झालं, जमलेल्या सगळ्यांनी साधू साधू म्हटलं. मग उरलेल्या प्रती मांडवात वाटल्या. चित्रांगनीने एक उघडली आणि उभ्या उभ्याच त्या दुपारचं पान काढलं.

फोन होता. फणसाची भाजीही होती. वडील मात्र फोनवर ओरडत होते, तो माझ्या लेकरासारखा आहे, त्याच्या केसाला धक्का लावाल तर याद राखा. मग गाडी काढून छावणीवर जात होते, फाटकात रात्रभर उभे राहत होते, हताश होऊन परतत होते. भाषा तिचीच वाटत होती. तिचीच जुनी भाषणं समोर ठेवून कुणीतरी ते लिहिलं होतं, आणि बरं लिहिलं होतं.

ललिंद भिक्खूंना वाढत होता. तिने त्याला बाजूला ओढलं.

"हे काय केलंस मल्ली?" धाकटा भाऊ म्हणून ती त्याला मल्लीच म्हणायची.

"हळू बोल. थोरले भिक्खू म्हणाले, पुण्यकर्माच्या पुस्तकात पाप कसं छापता. मृताला त्याचा त्रास होतो."

"हे खोटं आहे."

"बाकी सगळं तुझंच आहे ना? एक पान बदललं, अक्का. एका पानासाठी आज तमाशा करणार आहेस?"

"परत घे सगळ्या प्रती."

"दान दिलेलं परत घेतात का? पाणी सोडलंय त्यावर." आणि तो किरिबतचं, नारळाच्या दुधातल्या भाताचं, ताट घेऊन पंक्तीकडे वळला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. वर्तमानपत्रांना तिने खुलासा लिहून पाठवला. एकानेही छापला नाही. निवडणूक आली होती. दिवंगत मंत्र्यांच्या मुलीचा भावाशी इस्टेटीवरून वाद दिसतो, अशी मात्र एकाने कोपऱ्यात बातमी दिली.

मग ठरवलं, आता सीलावतीकडे जाऊन तोंडानेच सांगायचं. ती निघणार, तेवढ्यात सीलावतीच दारात आली. वाळून काठी झाली होती. नातीच्या वयाच्या एका मुलीने तिला रिक्षातून आणलं होतं. आत येताच ती फरशीवर गुडघे टेकून बसली.

"सीलावती अम्मा, उठा. वर बसा."

"नाही हामिने." मालकांच्या लेकीला ती अजून हामिने, बाईसाहेब, असंच म्हणत होती. "मी पापीण आहे. पोरीने पुस्तक वाचून दाखवलं मला." तिला धाप लागली होती. "मला वाटायचं मालकांनीच माझं पोर वाऱ्यावर सोडलं. समुद्रातल्या देवळात जाऊन त्यांना शाप लागावा म्हणून पाट्यावर मिरच्या वाटल्या मी. दरवर्षी वाटल्या. घसा जळो म्हणाले. आणि घशानेच गेले ना ते? माझ्या पोरासाठी रात्रभर उभा राहिलेला माणूस, त्याला मी जाळला."

चित्रांगनी तिच्यासमोर खाली बसली. "अम्मा, ऐका. तसं काही झालं नाही. वडील कुठेही गेले नाहीत. असा कुणी आमच्याकडे नाही, म्हणाले. मी ऐकलंय. तुमचा शाप खरा होता."

सीलावतीने तिच्याकडे बघितलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला. "लहानपणापासून तुमचा जीव असाच. माझं पाप हलकं करायला सख्ख्या बापावर आळ घेता?"

"आळ नाही. ते पान मी लिहिलंच नाही."

"वर नाव तुमचं आहे की. आणि भिक्खूंच्या हातात दिलेल्या पुस्तकात खोटं कोण लिहील?"

"माझ्या भावाने लिहवलं."

"गेलेल्या मालकांबद्दल असं बोलू नये, हामिने." तिने दोन्ही हात कानांवर धरले. चित्रांगनीने ते हळूच बाजूला करून पुन्हा सगळं सांगितलं, फोनपासून. आयुष्यात पहिल्यांदा ती इतकं साफ बोलली. म्हातारी ऐकत होती आणि लहान मुलाची समजूत काढावी तशी मान हलवत होती.

"पुढच्या पौर्णिमेपासून मालकांच्या नावे फुलं वाहीन," ती म्हणाली. "तेवढी क्षमा केली म्हणा, म्हणजे मी उठते."

"मी कोण क्षमा करणार तुम्हाला?"

"त्यांची लेक तुम्ही. दुसरं कोण करणार?"

बरोबरची मुलगी म्हणाली, "म्हणून टाका ना, ताई. हिचे गुडघे गेलेत. काल रात्रभर झोपली नाही, श्वास लागलाय."

सीलावतीने हात जोडून कपाळ फरशीला टेकवलं आणि तशीच राहिली. तिची पाठ धापेने वरखाली होत होती. चित्रांगनीने तिला खांद्याला धरून उठवून पाहिलं, ती उठेना.

"क्षमा केली," चित्रांगनी म्हणाली.