मी मुद्दाम थांबलो

मी एक जुने स्टॉपवॉच आहे आणि मित्रांनो, मी रागात आहे. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू तुमच्यापुढे येऊन गोड गोड बोलतात. माझ्याकडून ती आशा ठेवू नका.

कारखान्यात मला तीन दिवस तपासले. एका सेकंदाचाही फरक पडला नाही. तिथून मी एका शाळेत, मुलांची बुद्धी मोजणाऱ्या सरांच्या खिशात आलो. जिन्याखालच्या खोलीत ते मुलांपुढे लाल-पांढरे ठोकळे ठेवत, चित्रातली नक्षी जुळवायला सांगत आणि माझे बटण दाबत. साठ सेकंदांत जमले तर गुण, नाहीतर भोपळा. "याच्यासारखा इमानी नोकर नाही," असे ते मला कुरवाळून म्हणत. मी फुगून जायचो. आज त्याची लाज वाटते.

सरांच्या मते बुद्धी एकच. भाषेत पुढे असलेले मूल बहुधा गणितातही पुढे असते, म्हणजे मुळाशी ताकद एकच आणि ती एका आकड्यात सांगता येते. त्यांच्या वह्यांत तसे दिसायचेही, ते मी नाकारत नाही. नव्या मॅडमना मात्र हे मुळीच पटत नसे.

"अहो सर, शब्दांची बुद्धी वेगळी, सुरांची वेगळी, हातापायांची वेगळी, माणसं ओळखायची वेगळी!"

"मग मोजून दाखवा," सर म्हणत. तिथे मॅडमचे घोडे अडायचे.

वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे गोगलगाय म्हणत. माझ्या सेकंदांवरून तिला इतका लहान आकडा मिळाला, की तिला मागच्या इमारतीतल्या वेगळ्या वर्गात पाठवायचे ठरले. तिथून परत कोणी येत नसे. ती रडत होती आणि सर तिच्यासमोरच रुमालाने मला पुसत होते. तेव्हाच मी ठरवले, या माणसाचे नाक कापायचे.

तिची आई शिवणकाम करायची. तिने हातापाया पडून परीक्षा पुन्हा घ्यायला लावली. त्या दिवशी मॅडमही खोलीत होत्या. मुलगी ठोकळे जुळवू लागली, सर कागदात मान घालून बसले आणि पन्नासाव्या सेकंदाला मी मुद्दाम थांबलो. तिने शेवटचा ठोकळा बसवला तेव्हा सरांनी मला पाहिले.

"पन्नास? शाब्बास!"

कसा फसवला, असे मनात म्हणत मी खूश झालो. तेवढ्यात मुलगी बोलली.

"सर, ते मधेच बंद पडलं. टिकटिक गेली, म्हणून मीच मनात मोजत राहिले. पुढे अजून चौदा सेकंद झाले."

सरांनी मला कानाला लावले. "पन्नास आणि चौदा, चौसष्ट," असे म्हणून त्यांनी भोपळा लिहिला. तिने मोजलेले सेकंद त्यांना पटले. तिची बुद्धी पटली नाही!

मॅडम ताडकन उठल्या. "अहो, नक्षी जुळवता जुळवता मोजलं तिने! हिची बुद्धी लयीची आहे. हिला गाणंच शिकवू या, गणिताचं ओझं कशाला?"

"ते राहू द्या," आई म्हणाली. "उद्या ती आपल्या वर्गात बसणार का, तेवढं सांगा."

सरांनी आकड्याकडे पाहिले, मॅडमनी आपल्या बुद्धींच्या यादीकडे. मुलगी मागच्या इमारतीत गेली.

त्यानंतर मी सरांसाठी कधी साठपर्यंत गेलो नाही. घड्याळजीने तीनदा उघडून सांगितले, "दोष काही नाही." तपासणीला आलेल्या साहेबांसमोर तर मी सरांची पुरती फजिती केली आणि मला जराही वाईट वाटले नाही. शेवटी त्यांनी मला खडूच्या तुकड्यांबरोबर खणात टाकले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे मी म्हणावे अशी तुमची अपेक्षा असेल. मला तेल नको, किल्ली नको. बुद्धी एक की अनेक, यावर ते दोघे आजही चहा पिता पिता भांडतात. एकाने त्या मुलीला आकडा दिला, दुसरीने नाव दिले. वर्गात जागा कोणी दिली नाही. आधी तिच्या आईला उत्तर द्या, मग माझे बटण दाबा.