टोकाला टोक जुळलेलं शहर

मी बोलतोय, आणि रागाने बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच आवाज चढला तर दचकू नका. दचकणं हे आमच्या घरात आधीच फार आहे.

मी एक देखावा आहे. चार फूट लांब, एक फूट उंच, जाड कागदावर रंगवलेला. माझ्यावर एक शहर आहे, आजपासून दीडशे वर्षांनंतरचं. सध्या मी सुरतेच्या डिंडोली भागातल्या एका खोलीत, लोखंडी कपाटाच्या दाराला चिकटपट्टीने लावलेला आहे. दार उघडलं की मी भिंतीकडे तोंड करतो, बंद केलं की खोलीकडे. माझ्या अंगावर रंगाचे दोन थर आहेत. वरचा थर सगळ्यांना दिसतो. खालच्या थराची हकिकत सांगायला मी तोंड उघडलंय.

मला काढलं चैतालीने. तिने फाइन आर्ट्सची पदवी घेतली आणि मग, सुरतेत जे होतं तेच झालं, साडीच्या डिझाईन ऑफिसात कामाला लागली. रिंग रोडजवळ राकेशभाईंचं ऑफिस आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर बॉर्डर काढायच्या. वेली, कुयऱ्या, मोर, पुन्हा वेली. तीन वर्षांत तिने किती बॉर्डर काढल्या ते तिलाही आठवत नाही. त्या साड्या कुठे कुठे गेल्या, लग्नांत मिरवल्या, पण एकीवरही तिचं नाव नाही. साडीवर नाव नसतंच. तिला कधी त्याचं वाईट वाटलं असेल, तर ती ते बोलली नाही. मुळात ती बोलतच कमी. फोन वाजला तरी दचकते. वडील श्रीपत यांचे कान मागाच्या खडखडाटात गेलेले, त्यामुळे ते "चहा दे" एवढंही ओरडूनच म्हणतात, आणि पंचवीस वर्षं ऐकूनही ही पोर प्रत्येक वेळी उडते. माझ्यावर एक मनोरा किंचित वाकडा आला, तो अशाच एका "चहा दे"मुळे.

मग पुण्याहून तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा, स्वातीचा फोन आला. स्वाती आणि तिचे दोन मित्र एक खेळ तयार करत होते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, फासे टाकतात, एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. गोष्ट सांगणाऱ्यापुढे पुठ्ठ्याचा घडीचा पडदा उभा असतो, चार पानांचा. आतल्या बाजूला त्याची गुपितं, बाहेरच्या बाजूला चित्र. ते चित्र म्हणजे मी.

"आम्हाला परदेशी सिनेमातलं शहर नकोय," स्वाती म्हणाली. "नदीकाठचं, आपल्या घामाचं शहर हवंय. आणि तुझं नाव खेळाच्या डब्यावर छापू. मागे बारीक अक्षरांत नाही, पुढे."

चैतालीने फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणाली, "पुढे छापणार आहेत म्हणे."

अट एकच होती. खेळ बाजारात येण्याआधी हे चित्र दुसरीकडे कुठेही छापलं जाता कामा नये.

रविवार-रविवार करत मी जन्मलो. तिने मनोरे काढले ते सुताच्या कोनासारखे, खाली रुंद आणि वर निमुळते, आणि त्यांच्यामधून धाग्यांसारखे ताणलेले पूल. खाली तापी, पण तीन मजली. गच्च्यांवर उडत्या गाड्यांचे थांबे, आणि त्यांच्या शेजारीच वाळत घातलेले कपडे. "दीडशे वर्षांनी काय लोक ओले कपडे घालणार?" असं ती स्वतःशीच पुटपुटली आणि हसली. तिचं हसू फार दुर्मीळ. मी ते अंगावर घेतलं.

तिसऱ्या मनोऱ्यात, अकराव्या मजल्यावर तिने एक खिडकी काढली, नखाएवढी. त्या खिडकीत एक बाई साडीवर खडे चिकटवत बसलेली, चष्मा कपाळावर सरकवलेला. ती अंजनाबाई, चैतालीची आई. गेली एकोणीस वर्षं ती घरी बसून हेच काम करते. चष्मा डोळ्यांसाठी घेतलाय, पण असतो कपाळावर.

आता चूक सांगतो. ती दुसऱ्या कुठल्या चित्रकाराच्या हातून झाली नसती. चैतालीच्या हाताला बॉर्डरची सवय. बॉर्डर काढताना उजवं टोक डाव्या टोकाला असं जुळवायचं, की तीच नक्षी पुन्हा पुन्हा मांडत गेलं तरी सांधा दिसू नये. ऑफिसात याला रिपीट म्हणतात. मला काढताना तिच्या डोक्यात खेळ होता, पण हातात रिपीट होतं. माझ्या उजव्या टोकाचा अर्धा पूल डाव्या टोकाच्या अर्ध्या पुलाला बरोबर जुळत होता. कागद गुंडाळताना तिच्या ते लक्षात आलं. ती जीभ चावून म्हणाली, "अगं बाई! सवय!" आणि तसंच राहू दिलं. छान दिसतंय की, असं तिला वाटलं. मलाही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मला स्कॅन करायला मोठं मशीन हवं होतं, आणि ते हाताशी ऑफिसातच होतं. तिने दोन दिवस शब्द जुळवून राकेशभाईंना विचारलं. राकेशभाई मूळचे लिंबायतचेच, म्हणजे सुरतेतल्या मराठी वस्तीतले, आपल्यातलेच. मार्केटात गेल्यावर भाऊचे भाई झाले. ते हसून म्हणाले, "अरे कर ने बेटा! त्यात विचारायचं काय? घरचंच आहे सगळं."

घरचंच आहे सगळं. हे वाक्य मी विसरलेलो नाही.

तीन आठवड्यांनी, सकाळी दहाच्या सुमाराला मालतीबाई आल्या. गल्लीतल्या बायकांना खड्यांचं काम वाटून देतात त्या. त्यांनी गठ्ठा दारात आपटला, आणि चैताली सवयीप्रमाणे उडाली. त्या दिवशी तिने रजा घेतली होती.

"नवा माल आलाय अंजना. बिल्डिंगची साडी! काय फॅशन निघेल सांगता येत नाही बाई. प्रत्येक खिडकीत एक खडा, पिवळा. दिवा लागल्यासारखा दिसला पाहिजे, असं शेठने सांगितलंय."

त्या गेल्या. अंजनाबाईंनी पहिली साडी मांडीवर पसरली, खड्यांची वाटी जवळ ओढली, सवयीने चष्मा वर सरकवला. मग थांबल्या. चष्मा खाली घेतला. एकोणीस वर्षांत मी... म्हणजे मी एवढा जुना नाही, पण चैताली सांगते, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"चैताली, आठे ये वं," इकडे ये म्हणून त्या अहिराणीत म्हणाल्या. आवाज फार हळू होता. "हाई मीच शे ना?"

साडीच्या काठावर मी होतो. मी, पुन्हा मी, पुन्हा मी. साडेपाच मीटर मीच. सांधा कुठेही दिसत नव्हता, इतकी सफाई. आणि दर चार फुटांवर एक अंजनाबाई, कपाळावर चष्मा. त्या नखाएवढ्या बाईच्या तोंडावरच खडा चिकटवायची खूण केलेली होती.

माझा कागद थरथरला, तुम्ही म्हणाल पंख्याच्या वाऱ्याने. म्हणा.

 चैतालीने साडी पिशवीत कोंबली, मला गुंडाळून काखेत मारलं आणि रिक्षात बसली. रस्ताभर तिचे ओठ हलत होते. काय बोलायचं ते ती पाठ करत होती. ऑफिसात शिरली आणि सगळं विसरली.

"भाई, हे... हे माझं आहे."

राकेशभाईंनी साडी पाहिली, मला पाहिलं, आणि चक्क खूश झाले. "बघ, ओरिजिनलपेक्षा प्रिंट मस्त आलीय! धूम चाललीय तुझी डिझाईन."

"मी साडीसाठी नव्हतं काढलं."

"मग रिपीट कशाला लावलंस?" भाई मागे रेलले. "टोकाला टोक जुळवून तूच ठेवलंस. चित्राला कोणी रिपीट लावतं का? मी म्हटलं, पोरीने मनाने बॉर्डर बनवली, आपल्याला सरप्राईज."

"पण विचारायचं तरी..."

"ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये आहे ते ऑफिसचं. आणि मार्केटात कोण कोणाला विचारून छापतं? उद्या समोरचा माझी ही डिझाईन उचलेल, मी जाणार आहे का रडत?"

"निदान माझं नाव..."

भाई मोठ्याने हसले. बाजूच्या टेबलावरचे दोघेही हसले. "साडीवर नाव? अगं, बाई साडी नेसणार की वाचणार?"

ती उठली. दार आपटून आली नाही, तेवढं तिला जमत नाही. उलट दार हळूच लावून घेतलं. माझा संताप झाला. वाटलं, माझ्यातला सगळ्यांत उंच मनोरा काढून त्यांच्या टेबलावर आडवा पाडावा. पण मी कागद. कागदाला फक्त सोसता येतं, हे कोणी ठरवलं कोण जाणे.

घरी आल्यावर साडी गठ्ठ्यात परत ठेवून, फोन हातात घेऊन ती बसली. न सांगताही चाललं असतं. पुण्यात कोण बघणार होतं ही साडी? खेळ खेळणारे कुठे सुरतेच्या साड्या नेसतात? मी तिचा अंगठा पाहत होतो, स्वातीच्या नावावर जायचा आणि मागे यायचा. शेवटी तिने फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, अगदी रिपीटसुद्धा.

"चैताली, मग हे चित्र आम्हाला घेता येणार नाही गं," स्वाती म्हणाली.

"दुसरं दिलं तर?"

"गुरुवारी छपाईला जातंय. त्याआधी आलं तर बघू. शब्द देत नाही."

तो शनिवार होता.

संध्याकाळी मालतीबाई माल न्यायला आल्या. गठ्ठा जसाच्या तसा दारात ठेवलेला.

"काय गं, एकही नाही झाली?"

"मी नही करस हाई काम," अंजनाबाई म्हणाल्या. "ली जा ताई. मन्ही पोरना हातनं शे हाई. तिले न विचारता उचलेल शे."

"वेडी का तू? परत पाठवलास तर पुढचा माल नाही मिळायचा, सांगून ठेवते."

"नको मिळू दे."

मालतीबाई पुटपुटत गठ्ठा उचलून गेल्या. पुढचा माल खरंच आला नाही, आजतागायत.

आणि मग चैतालीने माझ्यावर पांढरा रंग ओतला. नवा कागद आणता आला असता. पण तिला मीच हवा होतो. माझे मनोरे, पूल, वाळत घातलेले कपडे, सगळं त्या पांढऱ्याखाली गेलं. क्षणभर मी तिच्यावरही चिडलो. मग तिचा हात पाहिला. शेजारी वडील "जेवण झालं का" म्हणून ओरडले, तरी रेघ हलली नाही.

सोमवारी ती कामावर गेली नाही, मंगळवारीही नाही. पुन्हा गेलीच नाही.

नवं शहर चिडलेलं आहे. डावीकडे उंच, धारदार, गर्दीचं. उजवीकडे जाता जाता उतरतं आणि शेवटी उघडं पाणी. डावं टोक उजव्याला कसंही लावा, जुळत नाही. आणि मधोमध, सगळ्यांत उंच मनोऱ्यावर, सहा मजले भरून दिव्यांची पाटी आहे. देवनागरीत. 'चैताली श्रीपत'. एवढंच.

"एवढं मोठं?" श्रीपत ओरडले.

"हो," चैताली ओरडली. त्यांना पहिल्यांदाच एका फटक्यात ऐकू गेलं.

अंजनाबाईंनी आपली खिडकी शोधली. सापडली. या वेळी खिडकीतली बाई काम करत नाही, नुसती बाहेर बघत उभी आहे. "चष्मा तं कपाळवरच शे," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला.

बुधवारी तिने पैसे देऊन बाहेर मला स्कॅन करून घेतलं आणि पुण्याला पाठवलं; गुरुवारी स्वातीचा निरोप आला. दोनच ओळी होत्या. घेतोय. पाटीला हात लावणार नाही.

म्हणजे मी खूश आहे का? नाही. खालच्या थरातलं माझं शहर अजून दुकानांत टांगलेलं आहे, पिवळे खडे लावून, दुसऱ्या कुठल्या तरी गल्लीतल्या बायकांनी लावलेले. नवी चिकटपट्टी कितीही घट्ट असली, तरी दार वाजलं की मी अजून दचकतो. कोण आलं, काय न्यायला आलं?

तुमच्याकडे एकच मागणं आहे. उंच इमारतींची साडी कुठे दिसली, तर तिसऱ्या मनोऱ्याचा अकरावा मजला पाहा. तिथला खडा नखाने खरवडून काढा. खाली एक बाई बसलेली दिसेल, कपाळावर चष्मा. मग दुकानदाराला विचारा, हे कोणी काढलंय? त्याला सांगता येणार नाही.

तुम्ही सांगा.