तालमीत राहून गेलेला मार

सोमवारी माझं पार्लर बंद असायचं. महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत मतदारनोंदणी चाले. मधल्या सोमवारी मी पार्लरमध्ये आपल्याच माणसांना बडवून काढायची.

केस कापायच्या खुर्चीत एकाला बसवायचं आणि बाकीच्यांनी गोऱ्यांचं सोंग घ्यायचं. थुंकायचं, केस ओढायचे, कानफटात द्यायची, आईवरून शिव्या घालायच्या. खुर्चीतल्याचा हात मांडीवरून उचलला गेला की तो नापास. नापास माणूस कचेरीसमोरच्या नोंदणीच्या रांगेत नको, कारण आम्हा काळ्यांतल्या एकाने हात उगारला की शेरीफच्या पोलिसांना आयतं निमित्त मिळायचं. हा नियम माझा. गावात पुढारी म्हणून मलाच विचारत, कारण माझी रोजीरोटी कुठल्या गोऱ्याच्या हातात नव्हती.

माझा नवरा लूशस लाकडाच्या गिरणीत होता. डोकं तापट. तीनदा नापास झालेला.

"चौथ्यांदा बसतो," तो म्हणाला.

"बस. पण दयामाया नाही हं."

"लग्नापासून कधी होती?"

सगळे खिदळले. मी त्याच्या थोबाडीत दिली. मग त्याच्या मेलेल्या आईबद्दल असं काही बोलले की आर्डीलिया माईंनी कानांवर हात ठेवले. लूशसच्या ओठातून रक्त आलं, पण हात हलले नाहीत.

"पास!" मी म्हणाले. अभिमान वाटला. त्याचा थोडा, माझा जास्त.

आर्डीलिया माई सत्तरीच्या, चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. तिसऱ्या सोमवारी पहाटे मी त्यांच्या स्वयंपाकघरात लोखंडी कंगवा तापवून त्यांचे केस सरळ करत बसले.

"माई, तिथे सही बघतात, केस नाही."

"गप गं. आयुष्यात पहिल्यांदा मताचा हक्क मागायला चाललेय. अशी गबाळी जाऊ?"

दोन तास लागले. कंगवा निवल्यावर मी पर्समध्ये टाकला.

दहा वाजता आम्ही अकरा जण कचेरीच्या पायऱ्यांवर उभे राहिलो. शेरीफचा डेप्युटी दांडका घेऊन खाली आला. लूशसच्या पोटात हाणला. तो वाकला आणि परत ताठ उभा राहिला. पुढचा दांडका माझ्या खांद्यावर बसला. मी दात आवळले. रांग तुटली नाही.

मग डेप्युटीने माईंचे केस मुठीत गुंडाळले आणि त्यांना पायऱ्यांवरून खाली ओढलं. प्रत्येक पायरीवर हनुवटी आपटत होती.

"कुणासाठी नटलीस गं, म्हातारे?"

पर्स कधी फिरवली, मला कळलंच नाही. डेप्युटीच्या कपाळावरून रक्त वाहताना दिसलं एवढं खरं.

शेरीफचे आणखी चौघे माझ्यावर तुटून पडले. लूशस माझ्यावर आडवा झाला. दांडके त्याच्यावर पडत होते, आणि तो माझ्या कानात सारखा म्हणत होता, "हात खाली, व्हर्लीन. हात खाली." त्याने स्वतःचा हात डोळ्यापुढेसुद्धा धरला नाही.

लूशसचा डावा डोळा गेला. माईंचा जबडा मोडला. कचेरीला कुलूप लागलं, एकाचीही सही झाली नाही. दुसऱ्या दिवशी गोऱ्यांच्या पेपरात फक्त डेप्युटीचं कपाळ छापून आलं. मला माझीच लाज वाटत होती.

पुढच्या सोमवारी पार्लरमध्ये मी सगळ्यांना सांगितलं, "दुसरं कुणी बघा. मी नापास."

लूशस पट्टी बांधलेल्या डोळ्यानिशी उठून खुर्चीत बसला.

"मार खायला हिनं शिकवलं," तो म्हणाला. "आपल्या माणसाला मार बसताना हात न उचलता बघायचं, ते कुणीच शिकवलं नाही. व्हर्लीन, समोर बस. हात मांडीवर. आता मारा मला."

कुणी पुढे होईना. शेवटी माई उठल्या. जबडा तारांनी बांधलेला, बोलता येत नव्हतं. त्यांनी लूशसच्या पट्टीच्या बाजूलाच चपराक मारली. तो कळवळला. पट्टी लाल झाली.

माझे डोळे वाहत होते. माईंनी वळून माझ्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवरच होते, हे बघून त्यांनी पुन्हा हात उगारला.