पीठ फुगत होते म्हणून लावलेले दार

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. विटांची, पोटाने मोठी आणि बोलण्याने त्याहून मोठी. शाळेत मी गेलेली नाही. पण टाबर क्रीक गावातल्या शाळेत गेलेल्या प्रत्येक पोराने माझ्या हातचे खाल्ले आहे, तेव्हा मला शिकवायला येऊ नका.

मला व्होंद्रा आजोबांनी बांधले. युरोपातल्या बोहेमियातून अमेरिकेत, नेब्रास्कात येताना त्यांनी सोबत काय आणले, तर एक पिसांची उशी आणि भट्टीच्या कमानीचे माप. पुढे त्यांच्या नातीने, आग्नेसने, मला सांभाळले. माझ्या पोटातून राईचे पाव निघायचे, आलुबुखाराचा मुरांबा भरलेले मऊ गोड पाव, म्हणजे कोलाची, निघायचे. रविवारी लोक चर्चमधून थेट माझ्याकडे यायचे. पाद्री रांगेत सगळ्यांत पुढे.

माझ्या राज्यात कायदा एकच. पीठ फुगत असताना रस्त्याकडचे दार बंद. थंड झुळूक लागली की पीठ बसते, आणि बसलेले पीठ कोणाच्या बापाला ऐकत नाही. आग्नेसने हा कायदा परकराच्या वयापासून पाळला.

धंदा वाढला. आसपासच्या गावांतली दुकाने आमचा पाव मागू लागली. नदीपलीकडच्या गावाने तर आग्नेसला निरोपच धाडला, की इकडे या, जागा देतो, दहा वर्षे घरपट्टी माफ. ते कळताच आमचे नगराध्यक्ष डेल रिट्टर धावत आले.

"आग्नेसमावशी, तू गेलीस तर मुख्य रस्त्यावर उरेल काय? माझं थोबाड?"

"ते कुणी फुकटसुद्धा घेणार नाही."

"म्हणूनच म्हणतो, थांब. तीच सवलत आम्ही देतो. नगरपालिका कर्जरोखे काढेल, त्या पैशातून तुझी नवी इमारत होईल. कागदावर इमारत गावाची, तू भाडेकरू. गावाच्या मालमत्तेला घरपट्टी कसली?"

"आणि नगरसेवक?"

"तुझे कोलाची खाऊन मोठे झालेत ते. हात वर करतील."

जानेवारीत नगरपालिकेच्या सभागृहातले गरम हवेचे यंत्र बंद पडले. डेल म्हणाला, सभा बेकरीतच घेऊ. तशी चिठ्ठी सभागृहाच्या दारावर लावली, आणि सगळे नगरसेवक माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसले. गावाचा कारभार माझ्या उबेला चालला, याची मला किती घमेंड वाटली म्हणून सांगू. बाहेर बर्फ पडत होता, आत पीठ फुगत होते. आग्नेसने सवयीने दाराला कडी घातली.

थोड्या वेळाने दार वाजले.

"वारा असेल," डेल म्हणाला.

वारा नव्हता. हार्डवेअरच्या दुकानाचा मर्ल कूम्ब्स होता, आग्नेसच्या वर्गातला. त्याने दार वाजवले, बर्फात उभा राहिला, पुन्हा वाजवले आणि गेला. आत सगळ्यांचे हात वर झाले. टाळ्या पडल्या.

रोखे निघायला अवकाश होता. पण शब्द मिळाला म्हणजे मिळाला, असे आग्नेसने धरले. नदीपलीकडच्यांना नाही म्हणून कळवले, राहते घर आणि बेकरी बँकेकडे गहाण टाकली आणि मागच्या अंगाला भिंती चढवायला घेतल्या. भिंती खांद्याएवढ्या झाल्या, तेव्हा मर्ल कोर्टात गेला. गावाचा पैसा द्यायचा ठरवताना सभा सर्वांना खुली हवी, असे कायदा म्हणतो.

कोर्टात काय झाले ते आग्नेसने परत येऊन माझ्यापुढे बसून सांगितले. दुसरे होते कोण तिला?

न्यायाधीशांनी विचारले, "दार कुणी लावलं?"

"मी."

"का?"

"पीठ फुगत होतं."

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. कडी घातलेल्या दाराआड झालेले मतदान हे मतदानच नव्हे, असा निकाल झाला. बाईने शब्दावर विसंबून घर गहाण टाकले, हे तिच्या वकिलाने सांगून पाहिले. त्यावर उत्तर मिळाले, की नगराध्यक्षाचा शब्द म्हणजे गावाचा शब्द नव्हे, घेणाऱ्याने आधी खात्री करून घ्यावी.

दार उघडे ठेवून पुन्हा मतदान घेता आले असते. पण तोवर निवडणूक झाली होती, डेल पडला होता आणि नव्या नगरसेवकांनी हात खिशातून काढलेच नाहीत. ते हात मी ओळखते. त्यांतला एकेक हात लहानपणी माझ्यापुढे पसरलेला होता. नदीपलीकडची जागा केव्हाच दुसऱ्याला गेली होती. हप्ते थकले. आधी घर गेले, मग बेकरी.

शेवटच्या दिवशी मर्ल पाव घ्यायला आला. येण्याची छाती होती, एवढे म्हणेन.

"आग्नेस, तुझं वाटोळं करायचं नव्हतं मला. त्या दिवशी एकच विचारायचं होतं."

"विचार की आता."

"मी घरपट्टी पूर्ण भरतो. मग तू का नाही?"

आग्नेस पाव कागदात गुंडाळत राहिली. "त्याला उत्तर नव्हतं माझ्याकडे, मर्ल. पण तू आत आला असतास, तर घर गहाण टाकायच्या आधी ते मला कळलं असतं." मग पाव त्याच्या हातात दिला. "पैसे ठेव. फुकट काही नाही इथे."

मला मर्लचा राग आहे. तो खोटे बोलला नाही, याचा जास्त आहे.

बँकेचा माणूस किल्ल्या घ्यायला आला, तेव्हा आग्नेस माझ्यात बारीक लाकडे सरकवत होती. माझ्यासारखी भट्टी एकदम विझवली तर विटा तडकतात. जाळ रोज थोडा कमी करत तिला निववावी लागते.

"बाई, वसंतात पाडायचीच आहे ही. इथे गाड्या लावायला जागा करणार आहेत."

"पाडा की. माझ्या हातून तडकणार नाही, एवढंच."

तो गाडीत जाऊन बसला. आठवडाभर रोज येत राहिला आणि रोज रिकाम्या हाताने परत गेला.

मित्रांनो, आता मी पूर्ण थंड आहे. माझ्या कमानीत एकही चीर नाही. कोणाला काही द्यायचे कबूल करायचे असेल, तर जो विरोध करील त्याला आधी आत बोलवा आणि त्याच्यासमोर कबूल करा. आणि ज्याने तुमचे पोट भरले ते मोडायची पाळी आलीच, तर निदान त्याला सावकाश निवू द्या.