कोरडा

"मावशी, अर्धाच इंच कापा हो! समुद्र राहिला बाजूला, मी इथेच गुदमरून मरायचो."

हेलिकॉप्टरातून दोराने समुद्रात उतरणाऱ्या दोरवाल्याने सुटाच्या मानेच्या रबरी पट्टीत बोट घालून डोळे पांढरे करून दाखवले. मावशींनी कात्री उचलली, टेबलाच्या खणात टाकली आणि खण धाडकन बंद केला.

"मर मेल्या, पण कोरडा मर."

"गळफासबाई!" म्हणत तो रुसून निघून गेला.

नौदलाच्या हवाई तळावरची ही शिवणखोली. थंड समुद्रावर उडणाऱ्यांचे जलरोधक सूट मावशी इथे दुरुस्त करायच्या. सुटाची मान आणि मनगटं आवळून आत हवा भरायची, शिवणींवर साबणाचं पाणी फासायचं. बुडबुडा आला की शिवण उसवून पुन्हा करायची. हवा भरलेला सूट बिनमुंडक्याच्या माणसासारखा ताठ उभा राही आणि दोरवाला त्याला हटकून सलाम ठोकी.

छपरावरून हेलिकॉप्टर गेलं की टाचण्यांचा डबा टेबलावर सरकायचा आणि मावशी हातचं टाकून खिडकीशी धावायच्या. इतकी वर्षं झाली, पण नवल ओसरलं नव्हतं. एवढं अवजड धूड हवेत एका जागी थांबतं काय, आणि त्यातून एक हाडामांसाचा माणूस दोराला लटकून खवळलेल्या पाण्यात उतरतो काय! तो माणूस रोज आपल्याशी भांडतो, याचा मावशींना मनातून फार अभिमान होता.

तो रुसून गेला त्या दिवशीही मावशी खिडकीशीच होत्या. दिवस कलला होता. मुख्य मिस्त्री दारात आला, पण आत येईना.

"मासेमारी बोट उलटली. तिघं होते. दोघांना वर घेतलं. तिसऱ्याचा पाय जाळ्यात अडकलाय. इंधन संपत आलं, म्हणून हेलिकॉप्टर परत फिरलं."

"आणि दोरवाला?"

"त्या तिसऱ्याजवळ थांबला. खालून हात केला, म्हणाला, जा तुम्ही. दुसरं हेलिकॉप्टर निघालंय."

मावशींनी खण उघडला. कात्री जागेवर होती. पण कात्री काय जगात एकच असते? रागाच्या भरात त्याने स्वतःच पट्टी कापली असेल तर? मानेतून पाणी शिरून सूट भरायला कितीसा वेळ लागणार!

मावशी तळाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. कुणी त्यांना हटकलं नाही.

अंधारून येताना समुद्रावर एक दिवा दिसला. मग आवाज आला, मग वारा, आणि हेलिकॉप्टर त्यांच्यासमोर अलगद टेकलं. आधी ब्लँकेटात गुंडाळलेला मच्छीमार उतरला. तो कण्हत होता, म्हणजे जिवंत होता. त्याच्यामागून दोघांच्या खांद्यांवर भार टाकत दोरवाला आला. ओठ निळे, दातावर दात आपटत होते.

मावशींनी सरळ त्याच्या मानेला हात घातला. पट्टी अखंड होती. तिच्या काठाशी मानेवर लालभडक वळ उमटला होता. त्यांनी दोन बोटं आत सरकवली. आतली लोकर कोरडी होती, उबदारही होती.

"कोरडा आलोय, मावशी," तो कसाबसा म्हणाला. "आता तरी सोडा."

हेलिकॉप्टरची पाती हळूहळू थांबली, तरी मावशींनी बोटं बाहेर काढली नव्हती.