सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा

मी एक खुर्ची. लाकडी, दोन हातांची, पाठीला जरा ताठ. सुताराने मला एका कचेरीसाठी घडवलं. कचेरी बंद पडली आणि मी या समुपदेशनाच्या खोलीत आले. इथे येणारी माणसं काय काय सोसून येतात. ती माझ्यावर बसतात, म्हणून त्यांचं थरथरणं सगळ्यांच्या आधी मला कळतं.

पहिले समुपदेशक सर भले गृहस्थ होते. त्यांनी मला दाराकडे पाठ करून ठेवलं होतं. येणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडावा, एवढाच त्यांचा हेतू.

एक दिवस वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या एक बाई आल्या. सोबत त्यांची कॉलेजात जाणारी लेक. तीन महिन्यांपूर्वी तिथल्या स्वयंपाकघरात गॅसचा स्फोट झाला होता. बाई वाचल्या. त्यांच्यासोबत कामाला असलेली धाकटी जाऊ गेली.

"त्या दिवशी काय काय झालं, सगळं सांगून टाका," सर म्हणाले. "मन मोकळं होईल."

बाई सांगू लागल्या. अर्ध्यावर आल्या आणि त्यांना श्वासच घेता येईना. सरांनी घाबरून पाणी पुढे केलं. बाई भिंत धरत बाहेर गेल्या, त्या दोन वर्षं इकडे फिरकल्या नाहीत.

मधल्या काळात सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक ताई आल्या. मग लेकीने आईला पुन्हा आणलं. घरी गॅस लेकच पेटवायची. आई स्वयंपाकघरात पाऊलही टाकत नव्हती.

बाई माझ्या अगदी कडेवर टेकल्या.

"एक विचारू?" ताई म्हणाल्या. "खुर्ची इथेच बरी वाटते, की हलवायची?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, उठल्या आणि मला सरळ ओढत भिंतीशी नेलं. आता दार समोर दिसत होतं. मग कुठे त्यांनी पाठ टेकली.

"आज काही सांगायलाच हवं असं नाही," ताई म्हणाल्या. "सांगायचं की नाही, कधी, किती, ते तुम्ही ठरवा. नको वाटलं तर नुसता हात वर करा. आपण थांबू."

तिसऱ्या भेटीत शेजारच्या खोलीत स्टीलचा ट्रे पडला. बाईंची बोटं माझ्या हातांत रुतली.

"मी इथेच आहे," ताई हळूच म्हणाल्या. "पाय जमिनीला टेकलेत का बघा. लाकूड कसं लागतंय हाताला?"

बाईंनी माझ्या हातावरून बोट फिरवलं. "गार. आणि खरखरीत. पॉलिश करा हो हिला."

दोघी हसल्या. असा अपमान मी रोज सोसेन.

काही महिने गेले. एका दुपारी कुणी न विचारता बाई म्हणाल्या, "गॅसचा वास मला आला होता. मीच जावेला म्हटलं, बघ गं जरा."

'तुमची काही चूक नाही' असं ताई घाईने बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं?"

"वास तर रोजच यायचा. दोनदा तक्रार दिली होती मी. कुणीतरी उठून बघायचंच. त्या दिवशी माझे हात पिठात होते..." त्या अडखळल्या. "माहीत असतं तर तिला पाठवलं असतं का हो मी?"

मग त्या रडल्या. आजवर माझ्यावर बसून त्या भीतीने थरथरल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा जावेसाठी रडल्या.

शेवटच्या भेटीत त्या म्हणाल्या, "सगळं गेलं असं नाही, ताई. मोठा आवाज झाला की अजून दचकते. पण आता दचकून परत भानावर येते. परवा लेकीला बाजूला सारलं आणि चहा केला. उतू गेला, पण केला."

तुमच्याही घरात असं कुणी असेल. 'विसर आता' असं त्याला म्हणू नका, 'सांग ना' म्हणून पिच्छाही पुरवू नका. त्याच्याजवळ बसा.

आताच कुणीतरी नवीन आत आलंय. बसायला तयार नाही. मला घाई नाही. उभं राहू दे.